कोंबडीचं पंचवीस तासांचं घड्याळ

वाशीम जिल्ह्यात मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावर किंवा रिसोडकडच्या शेतवस्तीवर विचारून पाहा: उन्हाळ्याच्या तोंडावर खुडूक कोंबडीखाली पंधरा अंडी ठेवली तर पिल्लं किती निघतात? कधी बारा, कधी सात, कधी तीनच. बारा निघाली तर कोंबडी गुणाची. तीन निघाली तर वीज कडाडली, नजर लागली, नाहीतर कोंबडीचंच बूड स्थिर नव्हतं. विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून डालग्यात लोखंडाचा तुकडा ठेवणारी घरं आजही सापडतात. या सगळ्या चौकशीत कोंबड्याचं नाव कुणी घेत नाही. अंडी कोंबडीखाली जाण्याआधी दहा-पंधरा दिवस कुठे पडून होती, हेही कुणी विचारत नाही. दोष मात्र बहुतेकदा या दोन ठिकाणीच असतो.

कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणात सूचनांची यादी मिळते. सोळा तास उजेड द्या, शिंपल्याचा चुरा संध्याकाळी टाका, आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवा, उबवणीची अंडी आठवडाभरापेक्षा जास्त साठवू नका. यादी बरोबर असते. पण कारण न सांगता दिलेली यादी पाठ करावी लागते, आणि पाठ केलेलं पहिल्या अडचणीतच विसरायला होतं. अंडं कोंबडीच्या पोटात कसं घडतं हे एकदा नीट कळलं, की यातली एकही सूचना पाठ करायची गरज उरत नाही.

मादीच्या गर्भात सुरुवातीला डावं आणि उजवं अशी दोन्ही अंडाशयं असतात, पण कोंबडीत उजवं अंड्यातच खुंटतं आणि आयुष्यभर काम करतं ते एकटं डावं. काही शिकारी पक्ष्यांत आणि न्यूझीलंडच्या किवीत दोन्ही टिकतात, एरवी पक्ष्यांचा नियम एकाचाच. डाव्या अंडाशयाला आजाराने इजा झाली तर उजवीकडचा तो खुंटलेला अवयव कधीकधी जागा होतो आणि वृषणासारखा वागू लागतो. मग कोंबडीचा तुरा वाढतो, पिसं बदलतात आणि ती चक्क आरवते. आपल्याकडे अशी कोंबडी अपशकुनी ठरते आणि तिची रवानगी थेट रश्शात होते. युरोपातल्या बाझेल शहरात १४७४ साली उलटा प्रकार घडला. अंडं घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर रीतसर खटला चालला आणि त्याला जाळण्यात आलं. तो बिचारा बहुधा अशीच एखादी रूप बदललेली कोंबडी असावा.

अंडाशयात हजारो सूक्ष्म बीजांडं जन्मापासूनच असतात. त्यातली मोजकी काही शे आयुष्यात पिकतात. बलकाचा माल अंडाशयात तयार होत नाही, तो यकृतात तयार होतो. अंडाशयातून निघालेलं इस्ट्रोजेन यकृताला हुकूम देतं, यकृत चरबी आणि प्रथिनं रक्तात सोडतं आणि ती बीजांडात भरली जातात. शेवटच्या आठ-दहा दिवसांत बलक झपाट्याने फुगतो. अंड्यावरच्या कोंबडीचं पोट उघडलं तर पाच-सहा बलक उतरत्या आकाराने लागलेले दिसतात: उद्याचा, परवाचा, तेरवाचा. म्हणून आज खाद्यात केलेला बदल बलकात दिसायला आठवडा लागतो.

पिकलेल्या बलकाभोवतीच्या आवरणावर रक्तवाहिन्या नसलेली एक पांढुरकी रेघ असते. तिथे आवरण फाटतं आणि बलक सुटतो. फाटणं रेघेच्या जरा बाहेर गेलं की रक्ताचा ठिपका बलकावर उतरतो. शहरातलं गिऱ्हाईक तो पाहून 'यात पिल्लू धरलं होतं' म्हणत अंडं फेकून देतं. त्यात पिल्लाचा काहीही संबंध नसतो.

सुटलेला बलक अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात येतो. अंड्यावरच्या कोंबडीत ही नलिका साठ-सत्तर सेंटिमीटर लांब असते. नरसाळ्यात बलक फक्त पंधरा-वीस मिनिटं थांबतो आणि फलन व्हायचं तर ते याच वेळात. पुढे पांढरं चढायला सुरुवात झाली की शुक्रजंतूंना वाट बंद. पांढरं चढायला तीन तास लागतात, त्यावरचे दोन पातळ पापुद्रे बसायला सव्वा तास. मग अंडं कवचाच्या पिशवीत येतं आणि तिथे सुमारे वीस तास मुक्काम करतं. सगळी बेरीज पंचवीस तासांच्या आसपास जाते. अंडं घातल्यावर साधारण अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो.

दिवस चोवीस तासांचा आणि अंडं पंचवीस-सव्वीस तासांचं, या तफावतीत कोंबडीचं सगळं वेळापत्रक दडलेलं आहे. आज सकाळी सातला अंडं दिलं तर उद्या आठला, परवा सव्वानऊला, असं ते पुढे सरकत दुपारपर्यंत जातं. बलक सुटण्याआधी चार ते सहा तास मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एल.एच. नावाच्या संप्रेरकाचा लोंढा सुटावा लागतो, आणि त्याचं दार रात्रीच्या ठरावीक आठ-दहा तासांपुरतंच उघडं असतं. सरकत सरकत वेळ त्या दाराबाहेर गेली की त्या दिवशी बलक सुटत नाही, कोंबडी एक दिवस खाडा करते आणि पुन्हा पहाटेपासून साखळी सुरू होते. खाडा केला म्हणून तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. व्यापारी लेअर जातींत पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीने हा काळ चोवीस तासांच्या अगदी जवळ आणला आहे. म्हणूनच त्या आठवडेच्या आठवडे खाडा न करता अंडी देतात आणि वर्षाला तीनशेच्या वर जातात.

हे घड्याळ उजेडावर लावलेलं असतं, आणि तो उजेड कोंबडी केवळ डोळ्यांनी पाहत नाही. फ्रान्समध्ये जाक बेन्वा या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवलं, की डोळे निकामी असलेल्या बदकांचेही वृषण लांब दिवसांत वाढतात. कवटीच्या पातळ हाडातून उजेड मेंदूत खोलवर पोहोचतो, त्यातही लाल-नारिंगी उजेड जास्त, आणि तिथल्या पेशी दिवसाची लांबी मोजतात. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण माणसांच्या संदर्भात वापरतो. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये तिला एक पुरवणी जोडली: कायम मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही पहाटेच्या ठरल्या वेळीच आरवतात. म्हणजे झाकलेल्या कोंबड्यालासुद्धा तांबडं कधी फुटायचं ते ठाऊक असतं. पुढे त्यांनी हेही दाखवलं, की कळपातला मानाचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे मानाच्या क्रमाने त्याच्या मागून.

आता वाशीमचा हिशेब. जिल्हा विसाव्या अक्षांशाच्या आसपास आहे. डिसेंबरात इथला दिवस अकरा तासांहून थोडा कमी असतो, जूनमध्ये तेरा तास वीस मिनिटांच्या आसपास. पूर्ण भराने अंडी हवीत तर चौदा ते सोळा तासांचा उजेड लागतो. तो इथे वर्षातला एकही दिवस आपोआप मिळत नाही, म्हणून दिवा. दिवा संध्याकाळी लावण्यापेक्षा पहाटे लावलेला बरा: संध्याकाळी वीज गेली तर एकदम अंधार होऊन पक्षी चेंगरतात, पहाटे लावला तर सूर्य त्याला आपसूक जोडून घेतो. एक पथ्य मात्र कडक आहे. वाढत्या वयाच्या तलंगांना उजेड वाढवू नये आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचा उजेड घटवू नये. तलंगेला लवकर उजेड दिला तर शरीर भरण्याआधी ती अंड्यावर येते, अंडी बारीक पडतात आणि कधी अंडनलिकाच बाहेर येऊन ती मरते. अंड्यावरच्या कोंबडीचा उजेड कमी झाला की तिच्या शरीराला वाटतं हिवाळा आला. मग ती अंडी थांबवून पिसं झाडायला लागते. परसात मोकळ्या फिरणाऱ्या दहा गावरान कोंबड्यांसाठी मात्र मी कुणाला दिव्याचा खर्च करायला सांगणार नाही.

कवचाची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. एका कवचाचं वजन पाच-सहा ग्रॅम, त्यात कॅल्शियम दोन ग्रॅमच्या थोडं वर. कोंबडीच्या सगळ्या सांगाड्यातलं कॅल्शियम वीस ग्रॅमच्या घरात, म्हणजे ती रोज आपल्या हाडांच्या दहाव्या भागाएवढं कॅल्शियम अंगाबाहेर टाकते. शिवाय कवच चढतं ते मुख्यतः रात्री, जेव्हा ती दांडीवर झोपलेली असते आणि पोटातलं खाद्य संपत आलेलं असतं. ही तूट ती हाडांतून काढते. अंड्यावर येण्याआधी दोनेक आठवडे इस्ट्रोजेनच्या प्रभावाने तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास, सहज विरघळणारं हाड तयार होतं. ते फक्त मादीत असतं आणि फक्त अंड्यांच्या काळात. अमेरिकेत मॉन्टाना राज्यात सापडलेल्या टायरॅनोसॉरसच्या मांडीच्या हाडात २००५ साली मेरी श्वाइट्झर यांना नेमकं असं हाड आढळलं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा तो अजस्र प्राणी अंड्यावर आलेली मादी होता, हे आपल्या अंगणातल्या कोंबडीमुळे ओळखता आलं.

संध्याकाळी शिंपल्याचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा का टाकायचा, ते आता वेगळं सांगायला नको. भुकटीपेक्षा जाड खडे पोटात रात्रभर टिकतात. लेअर खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं ते याचसाठी. तेच खाद्य वर्षभर कोंबड्याला घालणं मात्र चूक, कारण त्याच्या कामात कवच नाही आणि जादा कॅल्शियमचा भार त्याच्या मूत्रपिंडांवर पडतो.

कवचाचा दुसरा निम्मा माल म्हणजे कार्बोनेट, आणि तो येतो रक्तात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून. इथे वऱ्हाडातला उन्हाळा आडवा येतो. पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नाहीत. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते आणि धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. त्यात खाणंही घटलेलं. एप्रिल-मे महिन्यांत कवचं पातळ होतात, कधी अंडं बिनकवचाचं, नुसत्या पिशवीसारखं पडतं, त्याचं कारण हे. अशा वेळी नुसता चुरा वाढवून भागत नाही. सावली, गार पाणी आणि पहाटे-संध्याकाळी खाद्य या तीन गोष्टींनी फरक पडतो. पत्र्याचं खुराडं असेल तर त्यावर पऱ्हाट्या किंवा कडबा टाकून पाणी मारावं.

खाद्याचा विषय निघालाच आहे तर वाशीमकरांसाठी दोन गोष्टी. जिल्ह्याचं मुख्य पीक सोयाबीन, आणि जगभर कोंबडीच्या खाद्यात प्रथिनांचा मुख्य आधार सोयाबीनची पेंड. आपलं सोयाबीन बाजार समितीतून तेलगिरणीकडे जातं आणि पेंड होऊन महागड्या पोत्यातून परत येतं. हा फेरा चुकवण्यासाठी घरचं कच्चं सोयाबीन भरडून घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. दाणा नीट भाजल्याशिवाय ते मरत नाहीत, आणि तोवर तो कोंबडीला पोषणाऐवजी उपास घडवतो. दुसरी गोष्ट सरकीच्या ढेपेची. गाईच्या दावणीतून सांडलेली ढेप कोंबड्या टिपतात, आणि अंडं चार दिवस ठेवल्यावर बलक हिरवट-तपकिरी पडतो, कधी पांढऱ्याला गुलाबी छटा येते. हा आजार नव्हे. सरकीतलं गॉसिपॉल बलकातल्या लोहाशी जोडलं जाऊन तो रंग येतो, आणि गुलाबी छटा सरकीतल्या काही खास मेदाम्लांची. उबवणीच्या अंड्यांसाठी अशी ढेप नकोच.

आता कोंबडा. त्याचे वृषण पोटात, पाठीच्या कण्यालगत असतात आणि एक्केचाळीस अंश शरीरतापमानात शुक्रजंतू तयार करतात. सस्तन प्राण्यांच्या नराला हे जमत नाही. बाहेरचं इंद्रिय नावालाच. नर आणि मादीची गुदद्वारं क्षणभर टेकतात आणि काम होतं. त्याचा लालभडक तुरा ही वृषणांची जाहिरात आहे. जर्मनीत गॉटिंगेनला आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी १८४९ साली तरुण कोंबडे खच्ची केले तेव्हा तुरे सुकले, आरवणं आणि भांडणं थांबलं. काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवल्यावर ते पहिल्यासारखे कोंबडे झाले. नसांचा संबंध तुटला होता, तेव्हा परिणाम रक्तातूनच गेला असणार, असा निष्कर्ष निघाला आणि संप्रेरकशास्त्राचा पाया कोंबड्याच्या तुऱ्यावर रचला गेला.

फिकट, लोंबत्या तुऱ्याचा कोंबडा ठेवून भरपूर पिल्लांची अपेक्षा करू नये. पंजे सुजलेला किंवा लंगडा कोंबडाही कामाचा नाही, कारण त्याला मादीच्या पाठीवर तोल सांभाळता येत नाही. प्रमाण साधारण आठ-दहा माद्यांमागे एक नर. पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत आठ-दहा आठवडे वयाच्या तलंगांचा गट देतात, त्यात पंचवीस माद्या आणि तीन नर असतात, ते या हिशेबाने. नर कमी पडले तर अंडी रिकामी राहतात. जास्त झाले तर त्यांच्या मारामाऱ्यांत कुणाचंच धड होत नाही आणि माद्यांच्या पाठी सोलून निघतात.

मादीच्या शरीरातली सर्वांत नवलाची सोय इथे आहे. कवचाची पिशवी जिथे संपते त्या जोडावर काही हजार सूक्ष्म नळ्या असतात. एका मिलनातले निवडक शुक्रजंतू तिथे शिरून बसतात आणि रोज थोडे थोडे बाहेर पडून नरसाळ्याकडे जातात. कोंबडीत हा साठा दोन ते तीन आठवडे पुरतो, भरवशाचा काळ आठवडा-दहा दिवसांचा. टर्कीत तो दहा आठवडेही टिकतो. कोंबडा विकला तरी पुढचे कित्येक दिवस अंडी सजीव निघतात ती या नळ्यांमुळे. आणि आज नवा जातिवंत कोंबडा आणला तर उद्याच्या अंड्यातून त्याचीच पिल्लं निघतील असं समजणं चूक, कारण जुन्याचा साठा अजून आत आहे.

कृत्रिम रेतनाचं तंत्रही याच सोयीवर उभं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या बरोज आणि क्विन या दोघांनी १९३७ मध्ये कोंबड्याच्या पाठीपोटावर हात फिरवून वीर्य मिळवण्याची रीत प्रसिद्ध केली. तीच आजवर जगभर चालते. रेतन आठवड्यातून एकदा पुरतं आणि ते दुपारनंतर करतात, कारण सकाळी कवचाच्या पिशवीत टणक अंडं वाट अडवून बसलेलं असतं. व्यापारी टर्कीचे नर छातीच्या मांसाने इतके जड झाले आहेत, की त्यांची पैदास आता या तंत्राशिवाय होतच नाही.

लिंग ठरतं ते मादीकडून. माणसात हे काम पुरुषाच्या बीजाचं, पक्ष्यांत बरोबर उलट: कोंबड्याचे सगळे शुक्रजंतू एकाच जातीचे, आणि बीजांडात झेड गुणसूत्र गेलं तर नर, डब्ल्यू गेलं तर मादी. लांबट, टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो ही समजूत कितीही पक्की असली तरी अंड्याचा आकार त्यानंतर काही तासांनी ठरतो आणि त्याला आतल्या लिंगाचा पत्ता नसतो.

फलित अंडं घातलं जातं तेव्हा ते कोरं नसतं. कोंबडीच्या ऊबदार पोटात दिवसभर पेशी दुभागत गेलेल्या असतात आणि बलकावरच्या पांढऱ्या ठिपक्यात पन्नास-साठ हजार पेशी जमलेल्या असतात. बाहेरच्या गारव्याने ही वाढ थबकते. गर्भ झोपी जातो. साधारण एकवीस अंशांच्या खाली तो झोपून राहतो, तापमान त्याच्या वर गेलं की चुळबुळ सुरू. उबवणीची अंडी पंधरा ते अठरा अंशांत ठेवावीत आणि आठवड्याच्या आत बसवावीत, या नियमाचं मूळ हेच.

मे महिन्यातल्या वाशीमच्या घराचा विचार करा. दुपारी खोलीतच अडतीस-चाळीस अंश, पहाटे सव्वीस-सत्तावीस. फळीवरच्या टोपलीत पंधरा दिवस जमवलेल्या अंड्यांतला गर्भ रोज दुपारी वाढायला लागतो, रोज पहाटे मंदावतो आणि कोंबडीखाली जाण्याआधीच थकून मरतो. पहिल्या दिवशीचं आणि पंधराव्या दिवशीचं अंडं एकाच दिवशी फुटतही नाही. पहिली चार पिल्लं निघाली की कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि मागची अंडी गार पडतात. फ्रिज हा उपाय नव्हे, तिथली थंडी गर्भाला मारते. ओल्या वाळूत बसवलेला माठ आणि त्यावर ओलं फडकं, एवढ्याने बरंच काम होतं. माठातलं तापमान तरीही आदर्श नसतं, म्हणून उन्हाळ्यात शेवटच्या चार-पाच दिवसांचीच अंडी बसवावीत, आधीची खाऊन टाकावीत. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालावी. अंडी धुऊ नयेत. कवचावर हजारो छिद्रं असतात आणि त्यांच्यावरचा नैसर्गिक थर पाण्याने निघून गेला की जंतूंना दार उघडं होतं.

सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरलं की चोराचा पत्ता लागतो. आत कोळ्यासारखी लाल जाळी दिसली तर गर्भ वाढतोय. अंडं स्वच्छ पारदर्शक दिसलं तर बहुधा फलनच झालं नाही, चौकशी कोंबड्याची करा. रक्ताचं नुसतं कडं दिसलं तर गर्भ धरला होता पण मेला, चौकशी साठवणीची करा. ॲरिस्टॉटलने कोंबडीखालची अंडी एकेक दिवसाच्या अंतराने फोडून आतल्या उड्या मारणाऱ्या लाल ठिपक्याची, म्हणजे हृदयाची, नोंद करून ठेवली आहे. त्याला रोज एक अंडं वाया घालवावं लागलं. आपल्याला टॉर्च पुरतो.

गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते म्हणून तिला आळशी म्हणतात. तिचा हिशेब मांडून पाहा. पंधरा अंडी घालायला तीनेक आठवडे, उबवायला एकवीस दिवस, पिल्लं हिंडवायला दीड-दोन महिने. एक फेरा तीन-साडेतीन महिन्यांच्या घरात जातो, वर्षात तीन किंवा फार तर चार फेरे. उरलेला वेळ ती आईपण करते. त्यामागे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आहे. घरट्यात अंडी साठली, पोटाच्या उघड्या कातडीला त्यांचा स्पर्श होत राहिला की प्रोलॅक्टिन चढतं, अंडाशय आकसतं आणि कोंबडी खुडूक होते. तिला खुडूकपणातून काढायला पाण्यात बुडवतात, नाकात पीस ओवतात. पाण्याने पोटाची कातडी गार होते, म्हणून त्याचा थोडाफार उपयोग होतो. नाकातलं पीस हा निव्वळ छळ आहे. तिला तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या, हवेशीर पिंजऱ्यात घरट्यापासून लांब ठेवा, खाद्य-पाणी भरपूर द्या, ती आपोआप उतरते. रोजच्या रोज अंडी उचलली तर मुळात खुडूक होणंही लांबतं. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाल्यावर वेगळी वाढवली तर कोंबडी लवकर अंड्यावर येते आणि वर्षात एखादा फेरा जास्त मिळतो.

सुधारित जातींतून हा खुडूकपणा जवळजवळ काढून टाकलेला आहे. बंगळूरला तयार झालेली गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज, यांची पिल्लं आपल्याकडे बरीच येतात. राज्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं खडकी, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे आहेत. या कोंबड्या गावरानच्या दुप्पट-तिप्पट अंडी देतात, पण त्यांच्यावर बसायला येत नाहीत. मग शेतकरी त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवतो आणि पुढची पिढी आईसारखी निघाली नाही की निराश होतो. ती तशी निघणारच नव्हती. वनराज दोन वेगळ्या वंशांच्या संकरातून येते, आणि संकराचा जोम पहिल्या पिढीत सर्वांत जास्त असतो. व्यापारी लेअरचं हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर चालतं: शुद्ध वंश, त्यांच्यापासून आजी-आजोबा पिढी, मग आई-बाप पिढी आणि शेवटी अंडी देणारी कोंबडी. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये उभ्या केलेल्या पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने ही साखळी देशात रुजवली. साखळीच्या शेवटच्या कडीपासून घरी पैदास करण्यात फायदा नाही. अंड्यांसाठी सुधारित पिल्लं विकत घ्यावीत, पैदास गावरानची करावी. ऱ्होड आयलंड रेडसारखी शुद्ध जात असेल तर तिची पैदास घरी करायला हरकत नाही, पण उबवायला गावरानच लागेल.

गावरानच्या पैदासीत आपण दोन नुकसानं करून घेतो. पहिलं घरातल्या घरातलं. एकच कोंबडा तीन-चार वर्षं राहतो, त्याच्याच मुली आणि नातींवर. रक्त जवळचं होत गेलं की आधी फलन घटतं, मग अंड्यातच पिल्लं मरतात, मग निघालेली किरकोळ राहतात. उपाय दरवर्षी दुसऱ्या गावचा कोंबडा आणणं. पण बाहेरच्या कोंबड्याबरोबर मानमोडीसारखे रोग येतात, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कारंजा तालुक्यातल्या खेर्डा इथे बर्ड फ्लूने काही हजार कोंबड्या दगावल्यावर जिल्ह्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. इथे शुक्रजंतूंच्या त्या नळ्या मदतीला येतात. जुना कोंबडा ज्या दिवशी काढाल त्याच दिवशी नवा आणून तीन आठवडे लांब, वेगळ्या खुराड्यात ठेवा. तेवढ्यात त्याचा आजार असला तर उघड होईल, लसही टोचून होईल, आणि इकडे माद्यांच्या पोटातला जुन्याचा साठा संपलेला असेल. मग नव्याला माद्यांत सोडा आणि त्यानंतर काही दिवसांनी जमणारी अंडी बिनघोर बसवा.

दुसरं नुकसान बाजार करतो, आणि ते मला जास्त मोठं वाटतं. पोळ्याच्या करीला, धुळवडीला, गावजेवणाला गिऱ्हाईक दारात येतं आणि बोट दाखवतं ते सर्वांत जड, सर्वांत लाल तुऱ्याच्या कोंबड्याकडे. भाव चांगला मिळतो, तो जातो. मागे राहतो तो किरकोळ, उशिरा वाढलेला, कुणी न घेतलेला, आणि पुढच्या वर्षीच्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच होतो. वर्षानुवर्षं निकृष्टाची निवड करायची ठरवली असती तरी याहून चोख पद्धत सापडली नसती. करीच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या नंबरचा कोंबडा द्या, पहिल्या नंबरच्याच्या पायात रंगीत दोरा बांधून तो विकायचा नाही असं घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आणि वर्ष झालं की तो शेजारच्या गावातल्या तितक्याच चांगल्या कोंबड्याशी बदला.